चिकलठाण्याचं औषध, वॉर्डातलं बेसिन

पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९५५ साली पेनिसिलिन तयार होऊ लागलं. पुढच्याच वर्षी औरंगाबादेत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आपली घाटी, सुरू झाली. अपुऱ्या मात्रेने जंतू निर्ढावतात, हे पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंग यांनी १९४५ मध्ये नोबेल स्वीकारतानाच बजावलं होतं. पण औषध मिळण्याचंच अप्रूप होतं, तेव्हा कोण ऐकतो?

पुढे शहर वाढलं, गल्लोगल्ली नर्सिंग होम उभी राहिली. खाली ओपीडी, मध्ये दहा-पंधरा खाटा, वर डॉक्टर दांपत्याचा संसार. ‘भारी इंजेक्शन लावा’ हा नातेवाइकांचा हट्ट आणि जंतू कोणता व त्यावर कोणतं औषध चालेल हे सांगणारा कल्चरचा रिपोर्ट यायला लागणारे दोन-तीन दिवस, या कात्रीत अँटिबायोटिक आधीच सुरू व्हायचं. अजूनही होतं.

२०१० मध्ये, जंतूंना भारी अँटिबायोटिकही निकामी करू देणारं एनडीएम-१ (न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज) गाजलं. नावात नवी दिल्ली कशाला, यावर केवढा गदारोळ! त्याच वर्षी मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनीही असे जंतू सापडल्याचं प्रसिद्ध केलं होतं. त्यावर मात्र फारसं कुणी भांडलं नाही. १ मार्च २०१४ पासून अँटिबायोटिकांसह काही औषधांची शेड्यूल एच-वन ही यादी लागू झाली. या यादीतल्या औषधांची विक्री रजिस्टरात नोंदवून ते तीन वर्षं जपायचं, असा नियम. तरी मेडिकलच्या काउंटरवर ‘सध्या दोनच गोळ्या द्या’ ऐकू येतंच.

याच शहरात चिकलठाण्याला असलेल्या वोक्हार्ट कंपनीच्या संशोधनातून २०२० मध्ये एम्रॉक हे अँटिबायोटिक आणि २०२४ च्या अखेरीस न्यूमोनियावरचं नाफिथ्रोमायसिन पुढे आलं. या दुसऱ्या औषधामागे चौदा वर्षं गेली. अभिमान वाटावा अशीच गोष्ट. पण जंतू एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जातो तो हातांवरून, आणि हात धुवायला पाणी लागतं. जायकवाडी धरण उशाला असून इथे नळाला कित्येक दिवसांनी पाणी येतं. टँकरवर चालणाऱ्या नर्सिंग होममध्ये बेसिनचा नळ जपूनच सोडला जातो. कोरोनाने निदान सॅनिटायझरची बाटली खाटेशी आणली. हात मळलेले नसतील तर तिने काम भागतं, पाणी लागत नाही. ती बाटली भरलेली राहिली पाहिजे, याचा खर्च नव्या औषधाच्या मानाने काहीच नाही.

लघवीच्या नळीचंही तसंच, ती वेळेत काढायला खर्च नाही. सिस्टरच्या सोयीसाठी किंवा नुसत्या सवयीने ती राहून जाते आणि दर दिवसागणिक संसर्गाची शक्यता वाढते. घरचं माणूस ॲडमिट असेल तर राउंडच्या वेळी डॉक्टरांना जरूर विचारा: कल्चर पाठवलं का, आणि नळी आज काढता येईल का?