केदारला की केदारात?

माळव्यातील मराठी घरांत व्याकरण दोन दारांनी येते. शाळेच्या पुस्तकातून ते हिंदीच्या वेषात येते. तेथे 'संज्ञा' असते आणि व्यक्तिवाचक, जातिवाचक, भाववाचक असे तिचे भेद असतात. घरी आजोबा शिकवू लागले की तीच संज्ञा 'नाम' होते, व्यक्तिवाचकाचे विशेषनाम होते, जातिवाचकाचे सामान्यनाम. भाववाचक तेवढे दोन्हीकडे तेच राहते. त्यातून हिंदीत 'नाम' म्हणजे नुसते नाव. 'या वाक्यातील नामे ओळख' असे म्हटले की धार-देवासकडचे मूल वाक्यात एखादा राम किंवा गोविंद शोधू लागते, आणि समोर उभा असलेला तंबोरा त्याच्या नजरेतून निसटतो.

म्हणून तंबोऱ्यापासूनच आरंभ करावा. या दोन गावांना व्याकरण आणि गाणे ही दोन्ही परकी नाहीत. धारच्या भोजराजाच्या नावावर 'सरस्वतीकंठाभरण' हा व्याकरणग्रंथ आहे, आणि तेथील भोजशाळा-कमाल मौला वास्तूत नागाच्या वेटोळ्यांत कोरलेली वर्णमाला व नामा-क्रियापदांचे प्रत्यय आजही पाहावयास मिळतात. 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली प्रसिद्ध करणारे मोरो केशव दामले हेदेखील काही काळ उज्जैनच्या माधव महाविद्यालयात अध्यापक होते. देवासविषयी तर सांगावयास नकोच. जे गाव रजब अली खाँसाहेबांचे आणि पुढे कुमार गंधर्वांचे झाले, तेथील मुलांना गाण्यातले शब्द मुद्दाम शोधून द्यावे लागत नाहीत.

तंबोरा, सतार, पखवाज, गवई ही सामान्यनामे. देवास, धार, रजब अली खाँ ही विशेषनामे. गोडवा, माधुर्य ही भाववाचक. वाद्यवृंद हे समूहाचे नाव. येथवर मूल भराभर उत्तरे देते. मग विचारावे : 'यमन' कोणते नाम? 'केदार' कोणते?

राग हे सामान्यनाम आणि यमन हे त्या जातीतील एकाचे नाव, म्हणून विशेषनाम, असे उत्तर बहुतेक पुस्तकांतून निघेल, आणि ते चूक नाही. परंतु आपली जीभ या उत्तराशी पूर्णपणे सहमत नाही. घरात केदार नावाचा मुलगा असेल तर आपण 'केदारला हाक मार', 'केदारची वही' असे म्हणतो. 'केदाराची वही' असे आज कोणी म्हणत नाही. गाण्याचा विषय निघाला की मात्र तोच शब्द वाकतो : 'केदारात दोन्ही मध्यम लागतात', 'केदारातली बंदिश'. माणसाच्या नावापाशी आपण प्रत्यय बाहेरून टेकवतो, शब्दाला धक्का लावीत नाही. रागाच्या नावाचे मात्र झाड, हात, घर यांच्याप्रमाणे सामान्यरूप करून टाकतो. ही कसोटी मुलांना फार आवडते, कारण ती पाठ करावी लागत नाही. आधीच त्यांच्या तोंडात असते. आपल्या धार या गावालाही ती लावून पाहावी. 'धारला जायचे आहे' हे गाव. 'सुरीच्या धारेला लागले' ही नुसती धार. (हल्ली 'केदारमध्ये', 'यमनमध्ये' असेही ऐकू येते. ते हिंदी-इंग्रजीच्या सहवासाने आले असो वा सोयीसाठी, मला त्यात मराठीचा एक नाजूक भेद पुसला जाताना दिसतो.)

मग यमन हे विशेषनाम की सामान्यनाम? 'काल दोन यमन ऐकले, पण पहिल्याची सर दुसऱ्याला नाही' या वाक्यात ते सरळ सामान्यनाम आहे, कारण विशेषनामाला अनेकवचन सोसत नाही. 'भैरवी' तर आणखी पुढे गेली. रागिणीचे नाव म्हणून ती आली, मैफलीच्या शेवटी गावयाची चीज झाली, आणि आता कोणत्याही गोष्टीच्या समाप्तीला आपण भैरवी म्हणतो. 'प्रत्येक गल्लीत एक तानसेन असतो' असे म्हणताच अकबराच्या दरबारचा एकमेव तानसेन जातीचे नाव होतो; आणि त्याच्याच साच्यातून काढलेला 'कानसेन' तर जन्मतःच सामान्यनाम. तात्पर्य, नामाचा प्रकार शब्दावर शिक्क्यासारखा उमटलेला नसतो. शब्द वाक्यात कोणते काम करतो यावर तो ठरतो. शब्दांच्या याद्या देऊन समोर प्रकार लिहावयास लावणारे स्वाध्याय म्हणूनच अपुरे पडतात.

उलट दिशेचा प्रवास देवासमध्येच घडला. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकाळी या बेळगावकडच्या मुलाला बालपणीच 'कुमार गंधर्व' ही पदवी मिळाली. कुमार हे सामान्यनाम, गंधर्व हेही सामान्यनाम. पण दोन्ही मिळून एका माणसाचे असे नाव झाले की मूळचे नाव मागे पडले. १९४८ साली क्षयाच्या आजारात ते देवासला आले. गाणे बंद होते, कान उघडे होते. बायाबापड्यांची माळवी गाणी त्यांच्या कानांवर पडत राहिली. त्या धुनांना स्वतःचे नाव नव्हते. लग्नातले गाणे, पावसातले गाणे एवढीच त्यांची ओळख, म्हणजे निव्वळ सामान्यनाम. त्यांतून कुमारजींनी जे राग उभे केले त्यांना त्यांनी 'धुनउगम' म्हटले, आणि प्रत्येकाला नाव दिले : मालवती, संजारी, लगनगांधार. 'अनुपरागविलास' या त्यांच्या ग्रंथाचा पहिला भाग १९६५ साली निघाला. नावे मिळाल्यावर ते राग ओळखता, शिकवता, मागता येऊ लागले. १९६९च्या गांधी जन्मशताब्दीला 'गांधीमल्हार' आला, तेव्हा एका माणसाचे विशेषनाम रागाच्या नावात जाऊन बसले.

प्रकारांची गोष्ट इतकी सविस्तर झाल्यावर लिंगाची थोडक्यात सांगितली पाहिजे, कारण आपल्या घरांत खरी पडझड तेथे आहे. हिंदीत नपुंसकलिंग नाही. त्यामुळे मराठीतले ते भजन, ते पद, ते गीत, ते घराणे आमच्या नातवंडांच्या तोंडी गुपचूप पुरुष होतात. 'आजीचा भजन' ऐकले की आपण हसतो आणि सोडून देतो. आवाज मराठीत पुल्लिंगी, हिंदीत स्त्रीलिंगी. म्हणून 'आजीची आवाज'. रागावून हे सुटत नाही. गाणे संपले की त्यातले पाच शब्द घ्यावेत आणि तो, ती, ते लावून म्हणवून घ्यावेत. पेटी उघडीच असते, दहा मिनिटे पुरतात. मात्र हार्मोनियमला पेटी म्हणणेही मुलांना शिकवावे लागेल. शाळेतल्या हिंदीत पेटी म्हणजे कपडे ठेवायची ट्रंक, आणि 'पेटी आण' म्हटल्यावर ती ओढत आणणारे मूल आपल्या परीने बरोबरच असते.