थर्मोइलेक्ट्रिक उपकरणांच्या पेटंट-दाव्यांचा मागोवा

दोन टोकांच्या तापमानातील फरकापासून वीज निर्माण करणारी, किंवा वीज पुरवली असता एक बाजू थंड करणारी अर्धवाहक उपकरणे म्हणजे थर्मोइलेक्ट्रिक उपकरणे होत. गोल्डस्मिड व डग्लस यांनी १९५४ मध्ये बिस्मथ टेल्युराइडच्या साहाय्याने शीतकरण करून दाखवले, तेव्हा अमेरिकेचा १९५२ चा पेटंट कायदा नवाच होता. त्यातील कलम १०२ नावीन्य मागते, तर कलम १०३ नुसार शोध त्या विषयातील सामान्य जाणकाराला सहज सुचण्याजोगा असता कामा नये. पेटंट-परीक्षकांनी या उपकरणांचे दावे नाकारताना प्रामुख्याने याच दोन कलमांचा आधार घेतला आहे.

दावा, म्हणजे हक्काची सीमा आखणारे कलमवार विधान, या क्षेत्रात बहुधा मिश्रणातील घटकांच्या टक्केवारीवर उभा असतो, आणि अडचण तेथेच येते. अर्धवाहकात मिसळलेल्या अल्प द्रव्याचे प्रमाण वाढवले की विद्युतवाहकता वाढते, पण तापमानफरकामुळे मिळणारा विद्युतदाब घटतो. म्हणून इष्टतम प्रमाण शोधणे हे येथील नित्याचेच काम आहे. सर्वसाधारण परिस्थिती ज्ञात असताना नेहमीच्या प्रयोगांनी इष्टतम मर्यादा शोधणे म्हणजे शोध नव्हे, हे अ‍ॅलर प्रकरणात १९५५ मध्येच ठरले होते. १९७७ च्या अँटनी निकालाने, ज्या घटकाचा परिणामावर प्रभाव पडतो हे आधी माहीतच नव्हते त्याला हा नियम लागू होत नाही, अशी पळवाट ठेवली खरी. पण मिश्रद्रव्याचा प्रभाव येथे सर्वांनाच ठाऊक असल्याने ती फारशी उपयोगी पडणारी नव्हती.

त्याहून कठोर ठरला १९८५ चा टायटॅनियम मेटल्स निकाल. तो थर्मोइलेक्ट्रिक पदार्थाचा नव्हता, तरी मिश्रणांच्या दाव्यांना त्याने कायमची दिशा दिली. एका रशियन लेखातील आलेखावरचा एकच बिंदू त्या प्रकरणातील मिश्रधातूच्या दाव्यातील टक्केवारीत बसत होता. त्या मिश्रधातूची गंजरोधकता लेखात कोठेही नव्हती, तरीही मिश्रधातू नवा नाही, असे न्यायालयाने ठरवले. थर्मोइलेक्ट्रिक पदार्थाची गुणवत्ता दर्शवणारा झेडटी हा अंक कितीही वाढला, तरी जुन्या मिश्रणाला तो नवे करत नाही, हा त्याचा अर्थ. तर्क म्हणून हे निर्दोष आहे. श्रमांचा मोबदला म्हणून मात्र कृपणतेचे आहे.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००७ मधील केएसआर निकालानंतर ज्ञात घटकांची अपेक्षित परिणाम देणारी जुळणी नाकारणे परीक्षकांना आणखी सुलभ झाले. अनपेक्षित परिणामाचा पुरावा हा अर्जदारांचा मुख्य आधार राहिला, परंतु २००३ च्या पीटरसन निकालानुसार तो दाव्यातील संपूर्ण मर्यादेत दिसला पाहिजे. त्या प्रकरणातील ऱ्हेनियमच्या १ ते ३ टक्क्यांच्या दाव्याला केवळ २ टक्क्यांवरील सुधारणा तारू शकली नाही.