शेजारच्या खुर्चीवरचा माणूस

14 फेब्रुवारी 2020. जर्मनीतल्या म्युन्स्टर शहरात तिसऱ्या श्रेणीच्या लीगचा सामना चालू होता. यजमान प्रॉयसेन म्युन्स्टर, पाहुणा संघ वुर्झबुर्गर किकर्स. सामना संपत आला असताना वुर्झबुर्गचा बचावपटू लेरॉय क्वाद्वो स्टँडच्या जवळ आला, आणि वरून कोणीतरी त्याच्याकडे बघून माकडाचे आवाज काढले. क्वाद्वो कृष्णवर्णीय, जन्मलेला आणि वाढलेला जर्मनीतच.

अशा घटना युरोपातल्या मैदानांवर कितीतरी झाल्या आहेत. ही लक्षात राहिली ती पुढच्या दोन मिनिटांमुळे. त्या माणसाच्या आजूबाजूला बसलेल्यांनी, म्हणजे म्युन्स्टरच्याच समर्थकांनी, "हा बघा, हाच तो" म्हणून त्याला दाखवून दिलं. पोलिसांनी त्याला बाहेर नेलं आणि स्टँडमधून "नाझी, चालते व्हा" अशा घोषणा सुरू झाल्या. त्याच्यावर तीन वर्षांची स्टेडियमबंदी आली. आपल्याच संघाच्या माणसाला परक्या संघाच्या खेळाडूसाठी पकडून देणं फुटबॉलवेड्या गावात सोपं नसतं. म्हणून ही दोन मिनिटं मला फार मोलाची वाटतात. वर्णद्वेषाची आरोळी गर्दीत कशी जन्मते आणि कशी पकडली जाते, हे त्यांच्या आधाराने नीट समजून घेता येतं.

आरोळी एकटी सुरू होते. हजारो माणसं एकदम माकडाचा आवाज काढत नाहीत. एकजण काढतो आणि आजूबाजूला बघतो. कोणी हसलं तर तो पुन्हा काढतो, मग मागच्या रांगेतून दुसरा सूर मिळवतो. पाच-सात जण झाले की आवाज कोणा एकाचा राहत नाही, तो स्टँडचा होतो. रस्त्यावर एकटं असताना ज्या माणसाच्या तोंडून हा आवाज निघाला नसता, तो गर्दीच्या आडोशाने तो बिनधास्त काढतो. विचारलं तर उत्तर तयार असतं: आम्ही वर्णद्वेषी नाही, आमच्या संघातही काळे खेळाडू आहेत, आम्ही फक्त समोरच्याचं लक्ष विचलित करत होतो. यातलं पहिलं वाक्य सोडलं तर बाकीचं बऱ्याचदा खरंही असतं. आपल्या संघातल्या कृष्णवर्णीय खेळाडूच्या गोलवर नाचणारी माणसंच दहा मिनिटांनी समोरच्या संघातल्या तशाच खेळाडूला माकड म्हणतात. समोरच्याला सर्वांत खोल काय लागेल हे त्यांना पक्कं ठाऊक असतं, म्हणून तर ते हाच शब्द निवडतात.

इथे आपल्याकडे एक गोंधळ होतो. मराठी घरात "माकडा, खाली उतर" हे लाडाचं रागावणं आहे, आणि मारुती तर गावोगावचा देव. ऑक्टोबर 2007 मध्ये ऑस्ट्रेलियाचा क्रिकेटपटू अँड्र्यू सायमंड्स भारतात खेळत होता. आधी वडोदऱ्यात आणि मग मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर प्रेक्षकांनी त्याला माकडाचे हावभाव करून चिडवलं, तेव्हा यात वर्णद्वेष कुठला, असं म्हणणारे बरेच निघाले. पण ज्यांच्या पूर्वजांना गुलाम म्हणून विकलं गेलं, ज्यांना पुस्तकांतून आणि व्यंगचित्रांतून माणसापेक्षा खालचं ठरवलं गेलं, त्यांच्यासाठी हा शब्द तीच जुनी बेडी आहे. शब्द कोणाला लागतो हे ऐकणाऱ्याच्या इतिहासावर ठरतं. आपल्या घरात तो कसा वापरतात याने त्यात फरक पडत नाही.

इंग्लंडने ही आरोळी पकडायला फार वेळ घेतला. 1988 साली लिव्हरपूलचा जॉन बार्न्स एव्हर्टनच्या मैदानावर खेळत असताना त्याच्या पायाशी केळं येऊन पडलं आणि त्याने ते टाचेने मागे सारलं. ते छायाचित्र जगभर गाजलं. त्या काळी अशा वागण्यासाठी वेगळा गुन्हाच नव्हता. 1991 च्या कायद्याने मैदानावरच्या वर्णद्वेषी घोषणांना गुन्हा ठरवलं, पण त्यात एक विचित्र फट राहिली. घोषणा म्हणजे एकाहून जास्त जणांनी मिळून दिलेली, अशी व्याख्या होती. एकटाच ओरडणारा सुटायचा. ही फट 1999 मध्ये बुजवली गेली. सगळी सुरुवात एकट्या माणसापासून होते, आणि कायदा आठ वर्षं नेमका त्याच्यावरच लागू होत नव्हता.

दुसरा बदल दिसायला अगदी साधा: खुर्ची. 1989 मध्ये हिल्सबरो मैदानावर झालेल्या चेंगराचेंगरीनंतर आलेल्या टेलर अहवालामुळे इंग्लंडच्या वरच्या दोन श्रेणींतली मैदानं उभ्याने बघण्याची न राहता बसून बघण्याची झाली. हेतू सुरक्षेचा होता. पण त्यामुळे प्रत्येक माणसाला ब्लॉक, रांग आणि खुर्चीचा आकडा मिळाला. नियंत्रण कक्षात बसलेला पोलीस कॅमेरा त्या आकड्यावर नेऊ शकतो आणि क्लब तिकिटाच्या नोंदीतून नाव काढू शकतो. जिथे आडोसा होता तिथे पत्ता आला.

पण कायदा आणि खुर्ची या दोन्हींच्या आधी काही माणसं उभी राहिली होती, आणि त्यांच्याविषयी मला थोडं सविस्तर सांगायचं आहे. 1980 च्या दशकात लीड्स युनायटेडच्या एलंड रोड मैदानाबाहेर नॅशनल फ्रंट या उजव्या अतिरेकी संघटनेचे लोक उघडपणे 'बुलडॉग' नावाचं पत्रक विकायचे. कुठल्या क्लबचे चाहते जास्त वर्णद्वेषी, याची शर्यत लावणारा मजकूर त्यात छापून यायचा. म्हणजे द्वेषाचीही गुणतालिका! 1987 मध्ये लीड्सच्या काही चाहत्यांनी आणि शहरातल्या कामगार संघटनांच्या लोकांनी त्याच दारात उभं राहून उलटी पत्रकं वाटायला सुरुवात केली. पुढे त्यांनी 'मार्चिंग ऑलटुगेदर' नावाचं चाहत्यांचं मासिक काढलं. नाव क्लबच्याच गाण्यावरून घेतलेलं. त्यात सामन्याच्या गप्पा असायच्या, विनोद असायचे आणि त्यांच्या बरोबरीने वर्णद्वेषाविरुद्धचा मजकूर. 1988 मध्ये त्यांनी मैदानावरच्या या संघटित द्वेषावर एक अहवालही प्रसिद्ध केला, त्यानंतर क्लबला जाहीर निषेध करावा लागला.

हे का चाललं? कारण बाहेरून कोणी उपदेश करायला आलं नव्हतं. पत्रक देणाऱ्याच्या गळ्यात तोच पांढरा-निळा-पिवळा मफलर होता. क्लबच्या नावावर द्वेष विकणाऱ्याला "क्लब आमचाही आहे" हे सांगणारा माणूस त्याच दारात भेटला. थंडीत, शिव्या खात, मार बसण्याची भीती असताना, दर सामन्याला. 'किक इट आउट'सारखी देशव्यापी मोहीम 1993 मध्ये सुरू झाली, तेव्हा लीड्सच्या या लोकांची सहा वर्षं पत्रकं वाटून झाली होती.

आता मैदानावर काय होतं ते पाहू. रेफरीच्या हातात तीन पायऱ्या असतात. पहिली: खेळ थांबवायचा आणि ध्वनिक्षेपकावरून ताकीद द्यायची. दुसरी: तरीही थांबलं नाही तर संघांना काही वेळ ड्रेसिंग रूममध्ये न्यायचं. तिसरी: सामना रद्द. मे 2024 मध्ये बँकॉकच्या अधिवेशनात फिफाने यात एक खूण जोडली. खेळाडूने दोन्ही मनगटं एकमेकांवर आडवी धरली की रेफरीने ती तक्रार समजायची.

या पायऱ्यांची ताकद आणि मर्यादा दोन्ही 14 ऑक्टोबर 2019 ला सोफियात दिसल्या. बल्गेरिया विरुद्ध इंग्लंड. पहिल्या अर्ध्यातच खेळ दोनदा थांबला. दुसऱ्या वेळी काळे कपडे घातलेला एक गट स्टँड सोडून गेला. मध्यंतरात बल्गेरियाचा कर्णधार इव्हेलिन पोपोव्ह स्वतः कुंपणाजवळ जाऊन आपल्याच चाहत्यांना विनवत होता. तिसरी पायरी आली नाही. इंग्लंडच्या खेळाडूंनी खेळायचं ठरवलं आणि 6-0 ने जिंकले. बल्गेरियाला 75 हजार युरोंचा दंड झाला, दोन सामने रिकाम्या मैदानावर खेळण्याची शिक्षा झाली, आणि त्यातल्या एका सामन्याची शिक्षा स्थगित ठेवली गेली. हेच मैदान त्या रात्रीही आधीच्या वर्णद्वेषी वागणुकीमुळे अर्धवट बंद होतं, हे विसरू नये.

सरसकट शिक्षेचं हेच दुखणं आहे. स्टँड बंद केला की ओरडणारे घरी बसतात, आणि त्यांच्याबरोबर न ओरडणारेही. मग दोघांचा राग एक होतो. 2013 मध्ये इटलीत नेपल्सच्या लोकांना हिणवणाऱ्या घोषणांसाठी इतर क्लबांवर मैदान बंदीची कारवाई होऊ लागली, तेव्हा नेपल्सच्याच नापोली क्लबच्या कट्टर चाहत्यांनी स्वतःच्याच शहराला हिणवणारा फलक झळकावला आणि 'आता आमचाही स्टँड बंद करा' असं आव्हान दिलं. ज्यांचा अपमान झाला होता तेच शिक्षेच्या विरोधात उभे राहिले! शिक्षा माणसाला न होता सिमेंटच्या पायऱ्यांना झाली की असं होतं.

माणसाला शिक्षा व्हायची तर माणूस सापडावा लागतो. स्पेनचं उदाहरण घ्या. सप्टेंबर 2022 मध्ये माद्रिदमधल्या एका सामन्याआधी स्टेडियमबाहेर जमावाने रेआल माद्रिदच्या व्हिनिसियस ज्युनियरला माकड म्हणणारी गाणी गायली. चित्रफीत सगळ्यांनी पाहिली. सरकारी वकिलांनी प्रकरण बंद केलं: घोषणा काही सेकंदांच्याच होत्या आणि त्या तीव्र चुरशीच्या वातावरणात दिल्या गेल्या, असं कारण देऊन. 21 मे 2023 ला व्हॅलेन्सियाच्या मेस्ताया मैदानावर पुन्हा तेच झालं. या वेळी व्हिनिसियस गोलच्या मागच्या स्टँडकडे जाऊन एका विशिष्ट माणसाकडे बोट दाखवत राहिला. खेळ बराच वेळ थांबला. नंतरच्या झटापटीत त्यालाच लाल कार्ड मिळालं, ते पुढे रद्द झालं. पण त्या बोटाने काम केलं. काही दिवसांतच पोलिसांनी तीन तरुणांना ताब्यात घेतलं आणि 10 जून 2024 ला न्यायालयाने त्यांना आठ महिन्यांचा तुरुंगवास आणि दोन वर्षांची मैदानबंदी सुनावली. स्पेनमध्ये फुटबॉल मैदानावरच्या वर्णद्वेषी शिवीगाळीसाठी झालेली ही पहिलीच शिक्षा. पहिल्या गुन्ह्यात एवढ्या मुदतीसाठी तिथे सहसा तुरुंगात जावं लागत नाही, तरी गुन्हा नावावर कायम राहतो.

चुकीच्या माणसाकडे बोट गेलं तर काय होतं तेही आपण पाहिलं आहे. जानेवारी 2021, सिडनी कसोटी. मोहम्मद सिराजने सीमारेषेवरून येऊन शिवीगाळीची तक्रार केली, कर्णधार अजिंक्य रहाणेने ती पंचांपुढे मांडली, आणि मैदान सोडण्याचा पर्याय नाकारून खेळायचं ठरवलं. सहा प्रेक्षकांना बाहेर काढलं गेलं. पुढे चौकशीत भारतीय खेळाडूंना वर्णद्वेषी शिवीगाळ झाली हे मान्य झालं, पण ती त्या सहा जणांनी केलेली नव्हती. खरे कोण, हे समोर आलंच नाही. ते त्याच स्टँडमध्ये कोणाच्या तरी शेजारी बसले होते.

म्हणून शेजाऱ्याने काय करायचं हे शिकवणं मला कुठल्याही फलकापेक्षा महत्त्वाचं वाटतं. भांडायचं नाही, दारू प्यायलेल्या जमावाशी भांडून जबडा फुटतो आणि मूळ गोष्ट बाजूला पडते. खेळाचं कितवं मिनिट होतं, कुठला ब्लॉक, कितवी रांग, कितवी खुर्ची आणि नेमका शब्द कोणता, एवढं टिपायचं. ते मैदानावरच्या कर्मचाऱ्याला किंवा क्लबच्या मेसेज नंबरवर कळवायचं. आणि सगळ्यांत जड काम नंतरचं: पोलिसांनी विचारलं तर नाव देऊन साक्ष द्यायची. कॅमेऱ्यात ओठ हलताना दिसतात, पण शब्द ऐकणारा माणूसच लागतो.

मोबाइलवरच्या शिवीगाळीत मात्र शेजारच नसतो. 2021 च्या युरो अंतिम सामन्यात पेनल्टी हुकलेल्या इंग्लंडच्या रॅशफर्ड, सँचो आणि साका यांच्यावर जे लिहिलं गेलं, त्यातले 207 मजकूर ब्रिटिश पोलिसांनी गुन्ह्यात मोजले. त्यातली 34 खाती ब्रिटनमधली होती, 123 देशाबाहेरची. तिथे दार समाजमाध्यमांच्या कंपन्यांनीच लावावं लागेल.

मी स्वतः एकदा हे सगळं चुकलो आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका फुटबॉल स्पर्धेत, काही वर्षांपूर्वी. यजमान पेठेच्या विरुद्ध संघात एक आफ्रिकी खेळाडू होता. चेंडू आमच्या बाजूला आला की मागच्या पायरीवरून "ए काळ्या" सुरू व्हायचं, मग माकडाचा आवाज. दोन पोरं हसली. तिसऱ्यांदा हसणारे दहा-बारा झाले. थ्रो टाकायला आलेल्या त्या मुलाने एकदा वर बघितलं, बॉल शर्टला पुसला आणि टाकला. माझ्या हातात शेंगदाण्यांची पुडी होती, मी ती घट्ट धरून मैदानाकडे बघत बसलो. तिथे खुर्च्या नव्हत्या, आकडे नव्हते, कॅमेरे नव्हते. पण ओरडणारा आमच्याच गल्लीतला होता आणि त्याचं नाव मला तेव्हाही माहीत होतं.