समुपदेशनाला जाण्यापूर्वी

आमच्या शेजारच्या घरातील एक मुलगी लातूरला खोली करून राहते व ‘नीट’ परीक्षेची तयारी करते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला ती नांदेडला घरी आली, तेव्हा तिचे जेवण तुटले होते, रात्री झोप नव्हती आणि पुस्तक उघडले की रडू येत होते. एखाद्या समुपदेशकाला भेटून यावे, असे आम्ही सुचविले. त्यावर तिने तीन प्रश्न विचारले. “काका, तिथं गेलं की लोक येडी म्हणतील का? मी बोललेलं पप्पांना सांगतील का? आणि क्लासमधली पोरं जातीवरून बोलतात, ते सांगितलं तर त्यांना पटंल का?”

आम्हाला तेव्हा धड उत्तर देता आले नाही. नंतर माहिती काढली. आपल्या संस्थेच्या सभासदांच्या व विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडावी म्हणून ती येथे देत आहोत.

पहिला प्रश्न वेडाचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. हजारो माणसे गेली, गावेच्या गावे जमीनदोस्त झाली. पुढे नवी घरे मिळाली, पण छताखाली झोपण्याची भीती कित्येकांच्या मनातून लवकर गेली नाही. त्या माणसांना कोणी वेडे म्हटले काय? घर पडले तर पंचनामा होतो, मन खचले तर होत नाही, एवढाच फरक. दुःख, भीती, अपयश, घरातील भांडण यांसाठी समुपदेशन घेणारा माणूस वेडा नसतो.

आपली अडचण विचारण्यात लाज नाही, हे आपल्या समाजाला नव्याने सांगण्याची गरज नसावी. ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक अडचणींना उत्तरे दिली म्हणून र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली मुंबई उच्च न्यायालयात कर्व्यांची बाजू मांडायला बाबासाहेब उभे राहिले. निकाल विरुद्ध गेला, कर्व्यांना दंड झाला. परंतु लोकांनी आपल्या अडचणी विचाराव्यात आणि जाणकाराने त्यांना शास्त्रीय उत्तर द्यावे, यासाठी बाबासाहेबांनी वकिली केली, ही गोष्ट आपण विसरू नये.

आता तेथे काय होते ते पाहू. मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो, तो औषध देऊ शकतो. समुपदेशक औषध देत नाही, तो बोलतो आणि मुख्यतः ऐकतो. एक भेट साधारणपणे पाऊण ते एक तासाची असते. पहिल्या भेटीत झोप, भूक, घर, अभ्यास, पूर्वीचे आजार यांची विचारपूस होते. एका भेटीत सर्व सुटत नाही. पहिल्या एक-दोन भेटींनंतर मन उलट जास्त जड वाटू शकते, कारण दाबून ठेवलेले वर येते. हेही समुपदेशकाला सांगावे, जाणे बंद करू नये. काय बोलायचे ते कागदावर लिहून नेले तरी चालते. ‘असे कर, तसे कर’ अशा तयार उत्तराची अपेक्षा मात्र ठेवू नये.

दुसरा प्रश्न गुप्ततेचा. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नुसार रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. याला अपवाद आहेत. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, न्यायालयाचा आदेश असेल, तर माहिती द्यावी लागते. बालकावरील लैंगिक अत्याचार कळला तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने तो कळविणे सक्तीचे आहे. १८ वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांना विश्वासात घेतले जाते. त्यांना काय सांगणार व काय सांगणार नाही, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारून घ्यावे.

तिसरा प्रश्न आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. याच कायद्याच्या कलम १८ ने सेवा देताना जात, धर्म, लिंग, वर्ग यांवरून भेदभाव करण्यास मनाई केली आहे. तेव्हा जातीवरून झालेला अपमान हा दुखण्याचा भाग असेल तर तो उघड बोलावा. ‘तूच मनाला फार लावून घेतेस’ असे म्हणून कोणी विषय टाळला, तर ते आपल्याला पटले नाही असे सांगावे. तरीही ऐकले जात नसेल तर दुसरा समुपदेशक पाहावा. दोष आपल्यात नाही.

बँकेत खाते उघडायला येणारा शहाणा माणूस आधी व्याज विचारतो, पैसे कधी काढता येतील ते विचारतो, मगच सही करतो. त्यात आम्हा कारकुनांना कधी राग येत नाही. तसेच येथेही शिक्षण काय, अनुभव किती, फी किती, भेटी साधारण किती, हे विचारावे. चांगला समुपदेशक रागावत नाही. फी परवडत नसेल तर नांदेडला विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था येथे मानसोपचार विभागात केसपेपर काढून दाखविता येते. केंद्र सरकारची ‘टेलि मानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य व मराठीतही बोलता येते. जीव देण्याचा विचार मनात येत असेल तर भेटीच्या तारखेची वाट न पाहता लगेच हा क्रमांक लावावा आणि घरातील एका तरी माणसाला सांगावे.

काही बांधव म्हणतात, विपश्यना असताना हे कशाला? विपश्यना मोलाची आहे, परंतु दहा दिवसांच्या शिबिराच्या अर्जातच मानसिक आजाराची माहिती विचारलेली असते. साधना ही उपचाराच्या जागी नाही. डॉक्टरांचे औषध चालू असेल तर ते आपल्या मनाने बंद करू नये.

कल्याणमित्र लाभणे म्हणजे अर्धा धम्ममार्ग, असे आनंद म्हणाले, तेव्हा अर्धा नव्हे, संपूर्ण, असे भगवान बुद्धांनी त्यांना सांगितले. आणि कालामांना त्यांनी सांगितले की गुरू म्हणतो म्हणून स्वीकारू नका, स्वतः तपासून पाहा. समुपदेशकाकडे जाताना या दोन्ही गोष्टी बरोबर न्याव्यात.

ती मुलगी गेली. पहिल्या वेळी आई दारापर्यंत सोबत होती, आता ती एकटी जाते. परीक्षेचे काय होईल ते पुढे दिसेल. सध्या ती दोन वेळा जेवते आहे, यातच आम्हाला समाधान आहे.

जय भीम!