शिरपूरचे दार

मालेगावहून रिसोडकडे जाणाऱ्या वाटेवर, सोयाबीन आणि तुरीच्या शेतांमधून जात असता एक गाव लागते. महाराष्ट्रात शिरपूर नावाची गावे अनेक आहेत. म्हणून वाशिम जिल्ह्यातील या गावाचा उल्लेख 'शिरपूर जैन' असा केला जातो. सातबाऱ्यापासून टपालापर्यंत हेच नाव चालते. वास्तविक गावात जैनांची घरे इतर समाजांच्या मानाने थोडीच. शेती करणारा, मजुरी करणारा, दुकान चालविणारा बहुसंख्य गावकरी जैन नव्हे. तरीही बाहेरगावी कोणी विचारले तर तोही आपले गाव 'शिरपूर जैन' असेच सांगतो. गावाने आपल्या नावात एका मंदिराला अशी कायमची जागा दिली आहे.

ते मंदिर म्हणजे श्री अंतरिक्ष पार्श्वनाथांचे. वस्तीच्या मधोमध, घरांच्या दाटीत ते उभे आहे. दार ठेंगणे आहे, त्यामुळे कितीही मोठ्या माणसाला वाकूनच आत जावे लागते. मूलनायक भगवंत भुयारातील गाभाऱ्यात विराजमान आहेत; श्यामवर्ण, अर्धपद्मासनस्थ, सुमारे साडेतीन फूट उंचीची ती मूर्ती. मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे, ही श्रद्धा शतकानुशतकांची. तेराव्या शतकातील दिगंबर यती मदनकीर्ती यांनी 'शासनचतुस्त्रिंशिके'त श्रीपुरच्या पार्श्वनाथांचा महिमा गायिला. चौदाव्या शतकात श्वेतांबर आचार्य जिनप्रभसूरी यांनी 'विविधतीर्थकल्पा'त या तीर्थाला स्वतंत्र प्रकरण दिले. दोन परंपरांतील दोन थोर ग्रंथकार शे-सव्वाशे वर्षांच्या आत एकाच मूर्तीविषयी भक्तिभावाने लिहितात, ही गोष्ट पुढील हकिकत वाचताना ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

जिनप्रभसूरींनी दिलेली कथा गावात आजही थोड्याफार फरकाने सांगितली जाते. माली आणि सुमाली प्रवासात असता सेवक पूजेची प्रतिमा घरीच विसरला. त्याने वाळू आणि गोमय यांची मूर्ती घडविली आणि पूजेनंतर ती सरोवरात विसर्जित झाली. पुढे त्या पाण्याने एका राजाचा कुष्ठरोग गेला. काही कथांत तो श्रीपाल, तर वऱ्हाडी परंपरेत एलिचपूरचा ईल राजा. मूर्ती गाड्यावर घेऊन निघालेल्या राजाला मागे वळून पाहण्याची मनाई होती. त्याने पाहिले. मूर्ती जिथे होती तिथेच आकाशात स्थिरावली. सूरी सांगतात, पूर्वी डोक्यावर घागर घेतलेली स्त्री मूर्तीखालून सहज जात असे. कालांतराने जमीन वर चढत गेली आणि आता मूर्ती व भूमी यांच्यामध्ये केवळ दिव्याचा उजेड दिसतो. सहाशे-सातशे वर्षांपूर्वीचे हे वर्णन आहे. घागरीएवढे अंतर संपून उजेडाएवढे उरले, हे त्यांनी कोणतीही तक्रार न करता नोंदविले आहे.

गावाबाहेर पवळी मंदिर आहे. काळ्या दगडाचे, हेमाडपंती बांधणीचे हे मंदिर हेन्री कझिन्स यांनी १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरील ग्रंथात घेतले. दारावरील शिलालेखाची अक्षरे झिजलेली आहेत. ब्रिटिश काळच्या गॅझेटियरने त्यातील वर्ष १४०६ असे वाचले आणि मंदिर त्याहून निदान शंभर वर्षे जुने असावे असेही म्हटले. यात्रेकरू घाईत असतो, तो गावातील दर्शन घेऊन परत फिरतो. पण शिरपूरला येऊन पवळी न पाहणे म्हणजे आजोबांना भेटावयास जाऊन आजीची विचारपूस न करता परतण्यासारखे आहे.

आता दुःखाचा भाग. तो टाळून शिरपूरविषयी लिहिता येत नाही, आणि त्यात पक्ष घेण्याचे येथे प्रयोजनही नाही. या मूर्तीला काळाच्या ओघात होणारी झीज भरून काढण्यासाठी वेळोवेळी लेप करावा लागतो. लेपात कंदोरा आणि कच्छोट यांची खूण असावी की नसावी, हा दोन्ही आम्नायांतील मतभेदाचा गाभा. पूजेसंबंधी १९०५ साली वडीलधाऱ्यांनी एकत्र बसून वेळापत्रक ठरविले. दोन्ही आम्नायांनी पाळीपाळीने पूजा करावी असे ठरले. असे वेळापत्रक भिंतीवर लावणे सोपे, मनात लावणे अवघड. काही वर्षांतच लेपावरून वाद पेटला आणि १९१० मध्ये दावा दाखल झाला. अकोल्याचे न्यायालय, नागपूरचे ज्युडिशिअल कमिशनर आणि शेवटी १९२९ साली लंडनची प्रिव्ही कौन्सिल असा तो प्रवास झाला. व्यवस्थापनाचा व लेपाचा अधिकार श्वेतांबर पक्षाकडे आणि ठरलेल्या वेळी आपल्या पद्धतीने पूजा करण्याचा अधिकार दिगंबर पक्षाकडे, असा एकंदर निर्णय झाला. शिरपूरच्या भुयारातील एका दिव्याचा हिशेब सातासमुद्रापलीकडील न्यायाधीशांनी तपासला. त्या काळी वकिलांवर आणि बोटीच्या टपालावर जो द्रव्यव्यय झाला असेल, त्यात वऱ्हाडातील किती पाठशाळा चालल्या असत्या, असा विचार कोणाही हिशेबी माणसाच्या मनात येईल.

निर्णयाने वाद मिटला नाही. १९८१ मध्ये मंदिराला कुलूप लागले.

पुढे चार दशके भाविक येत राहिले आणि एका लहानशा झरोक्यातून दर्शन घेऊन जात राहिले. अभिषेक नाही, प्रक्षाल नाही, आंगी नाही. गुजरातेतून, राजस्थानातून, कर्नाटकातून रात्रभर प्रवास करून आलेला माणूस एका चौकोनाला डोळा लावून उभा राही, मागचा माणूस खोळंबलेला असे, आणि क्षणभरात त्याला बाजूला व्हावे लागे. ज्या मुलाला १९८१ साली आईने कडेवर घेऊन नमस्कार करविला असेल, त्याच्या डोक्याचे केस पिकले तरी त्याने मूर्तीला हात लावला नव्हता.

इंग्लंडमधील खेडेगावांची कथा याच्या नेमकी उलट आहे. तेथेही गावाच्या मध्यभागी जुने चर्च असते. थॉमस क्रॉमवेलच्या १५३८ च्या आज्ञेपासून गावातील बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद चर्चच्या वहीत होऊ लागली, त्यामुळे गावाचा इतिहास म्हणजे चर्चची वही असे समीकरण झाले. विसाव्या शतकात उपासकांची संख्या घटली. वापरात नसलेली जुनी चर्चे सांभाळण्यासाठी १९६९ मध्ये एक निधी स्थापन करावा लागला; त्याच संस्थेच्या देखभालीत आज साडेतीनशेहून अधिक चर्चे आहेत. तेथे दार उघडे आहे, पण आत येणारे उरले नाहीत. शिरपूरला येणारे कधीच थांबले नाहीत, दारच बंद होते.

कुलपाच्या काळातही गावाचा धर्मव्यवहार मात्र चालूच होता. दोन्ही आम्नायांच्या धर्मशाळा आणि भोजनशाळा यात्रेकरूंची सोय करीत राहिल्या. श्वेतांबरांचे पर्युषण संपते तोच दिगंबरांचे दशलक्षण सुरू होते, आणि भाद्रपदात गावातील भाजीविक्रेत्याला कंदमुळे कोणत्या दारी न्यावयाची नाहीत हे कोणी सांगावे लागत नाही. महाशिवरात्रीला याच गावात जानगीर महाराज संस्थानाचा महाप्रसाद होतो, पंचक्रोशी लोटते. यात्रेकरू उतरला की त्याला वाट दाखविणारा, सामान उचलणारा, चहा देणारा माणूस बहुधा अजैन असतो. कोणत्या आम्नायाची धर्मशाळा कोणत्या बोळात आहे हे त्याला बिनचूक ठाऊक असते आणि तो पाहुण्याच्या वेशावरून, बोलण्यावरून ते ओळखतो. शिरपूरच्या जैनत्वाची राखण अशा माणसांनीही केली आहे. समाजाच्या सभांत त्यांचे आभार क्वचितच मानले जातात.

२०२२ साली आचार्य श्री विद्यासागरजी महाराजांचा चातुर्मास शिरपूरला झाला. आहाराच्या वेळी चौके लागावे, पडगाहनासाठी श्रावक-श्राविकांनी कलश घेऊन दारात उभे राहावे, हे दृश्य चार महिने गावाने पाहिले. श्वेतांबर साधु-साध्वीही विहारात येथे येत असतात. पाऊल दोघांचेही अनवाणी, आणि वऱ्हाडच्या उन्हाळ्यात डांबरी रस्ता आम्नाय पाहून तापत नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लेपास अनुमती दिली आणि मार्चमध्ये, तब्बल बेचाळीस वर्षांनी, कुलूप निघाले. त्याच महिन्यात पुन्हा तणाव झाला, पोलीस बंदोबस्त लागला, तेही खरे. १९०५ साली सतरंजीवर बसून वेळ वाटून घेणाऱ्या वडिलांचे नातू-पणतू आज दोन्हीकडे आहेत. त्यांच्यातील पुष्कळ जण पुण्या-मुंबईला, नागपूरला, परदेशात गेले; गावातील घराला कुलूप आणि मंदिराच्या वादाविषयीचे मत मात्र पक्के, अशी अनेकांची स्थिती आहे. जे मागे राहिले त्यांना एकमेकांचे तोंड रोज पाहावे लागते. त्यांच्यापैकी एकाच्या घरी मृत्यू झाला तर शेजारचा आम्नाय विचारून येत नाही, आणि लग्नात वाढपी कमी पडले तर हाकही शेजारीच जाते. ही दोन-चार माणसे एका ओसरीवर बसली तर वेळापत्रकाची नवी यादी कदाचित एका संध्याकाळीही तयार होईल. पण त्यांना तसे बसू देण्यासाठी बाहेरगावच्या आप्तांनी थोडे गप्प बसावे लागेल.

आता भुयारात उतरता येते. डोके वाकवून, पायऱ्या चाचपत खाली गेल्यावर आधी तुपाच्या दिव्याचा वास येतो आणि मग डोळे सरावतात. म्हातारी माणसे मूर्तीच्या मुखाकडे आधी पाहत नाहीत. ती गुडघ्यावर टेकून, पदर किंवा उपरणे सावरून, खाली पाहतात. मूर्ती आणि भूमी यांच्यामध्ये उजेड अजून दिसतो का, ते.