आधीं विचारलें, मागून उत्तर आलें

पेण येथील कारखान्यांत शाडूची गणेशमूर्ति घडली, कीं ती वाळण्यास ठेवितात. ती वाळेपर्यंत कारागीर हातावर हात ठेवून बसत नाहीं. दुसरी मूर्ति घडवूं लागतो. मागून ठेवलेली लहान मूर्ति पुष्कळदां आधीं वाळते आणि रंगासही आधीं तयार होते. घडविण्याचा क्रम एक, रंगविण्याचा दुसरा.

संगणकाच्या पडद्यावरील पानांना चेतना देणारी जावास्क्रिप्ट ही भाषा अशाच रीतीनें काम करिते. ब्रेंडन आइक ह्यांनीं ती १९९५ सालीं रचिली. तिचा कारागीर एकटा. एका वेळीं एकच काम. दूरच्या संगणकाकडून माहिती हवी असल्यास ती मागणी ब्राउझरच्या स्वाधीन करून तो पुढील ओळीकडे वळतो. उत्तर आल्यावर करावयाचें काम रांगेंत उभें राहतें आणि हातचें काम संपल्यावरच त्याची पाळी येते. 'शून्य क्षणांनंतर कर' अशी आज्ञा दिली, तरी तें काम चालू ओळींच्या मागूनच होतें. वाळलेल्या मूर्तीसही कारागिराचा हात मोकळा व्हावा लागतो.

ह्या व्यवस्थेमुळें पान खोळंबत नाहीं. पण घोटाळ्याचें मूळही येथेंच आहे. समजा, आगगाड्यांचें वेळापत्रक दाखविणाऱ्या पानावर प्रवाशानें प्रथम पेण निवडलें आणि लगेच विचार बदलून रोहें निवडलें. दोन मागण्या गेल्या. रोह्याचें उत्तर आधीं आलें. पेणचें वाटेंत रेंगाळलें आणि मागून येऊन पडद्यावर बसलें. वर नांव रोह्याचें, खालीं वेळा पेणच्या! मुंबईकडे जाणारी गाडी रोह्याहून आधीं सुटते व मग पेणेस येते. पेणची वेळ रोह्याची समजून निघालेला प्रवासी फलाटावर पोहोंचतो, तेव्हां गाडी निघून गेलेली असते. पान लिहिणाऱ्याच्या टेबलावर उत्तरें भराभर व क्रमानें येतात. म्हणून हा दोष त्यास दिसतही नाहीं.

उपाय सोपा आहे. प्रत्येक मागणीस क्रमांक द्यावा आणि शेवटच्या मागणीचें नसलेलें उत्तर टाकून द्यावें. दुसरें काम पहिल्याच्या उत्तरावर अवलंबून असेल, तर २०१७ सालीं भाषेंत आलेला 'अवेट' हा शब्द योजावा. तेवढेंच कार्य थांबतें, बाकीचें पान चालूं राहतें. दोन्ही उत्तरें एकत्र हवीं असतील, तर २०१५ सालच्या आवृत्तींत आलेलें 'प्रॉमिस डॉट ऑल' वापरावें; उत्तरें कशींही आलीं, तरी तें तीं मागितल्या क्रमानेंच हातीं देतें.

उत्तर केव्हां यावें हें पान लिहिणाऱ्याच्या हातीं नाहीं. तें कोणत्या प्रश्नाचें, हें पाहूनच तें पडद्यावर मांडणें मात्र त्याचें कर्तव्य आहे.