बल्लारशा–गोंदिया: अपघाताच्या वहीबाहेरचा मार्ग

महाराष्ट्रात रेल्वे अपघात कुठे कसा होतो, ते प्रदेश पाहूनच सांगता येतं. कोकणात दरड कोसळते. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ सुट्टीची खास गाडी रुळावर आलेल्या दगडांवर आदळली आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. वर्ष पुरतं उलटायच्या आत करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसची तीच गत झाली. मुंबईत लोक दारातून पडतात, रूळ ओलांडताना सापडतात, किंवा २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टनच्या पुलावर झालं तसं चेंगरतात. त्या सकाळी २३ जण दगावले. मराठवाड्यात करमाडजवळ ८ मे २०२० च्या पहाटे टाळेबंदीत गावाकडे चालत निघालेले आणि थकून रुळावरच झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली आले. खानदेशात २२ जानेवारी २०२५ ला आगीच्या अफवेने पुष्पक एक्सप्रेसमधून उड्या टाकलेले प्रवासी शेजारच्या रुळावरून येणाऱ्या कर्नाटक एक्सप्रेससमोर आले.

या यादीत चंद्रपूर आणि गडचिरोली सहसा नसतात. दोन गाड्या समोरासमोर आदळल्या, पुलावरून डबे नदीत गेले, असं इथलं एकही नाव देशाच्या स्मरणात नाही. पण त्यावरून इथला रूळ निरुपद्रवी ठरवणं घाईचं होईल.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या या झाडीपट्टीत रेल्वे आली ती दोन बाजूंनी आणि दोन कारणांनी. पश्चिमेकडून आली ती कोळशासाठी. १८७० च्या दशकात वर्ध्याहून वरोऱ्याच्या खाणीपर्यंत सरकारने लोहमार्ग टाकला. पुढे तो बल्लारशापर्यंत वाढला आणि १९२९ मध्ये निजामाच्या हद्दीतला काझीपेठ–बल्लारशा दुवा जुळल्यावर दिल्ली–मद्रास हमरस्ता झाला. पूर्वेकडून आली ती बंगाल नागपूर रेल्वेची छोटी लाईन, अडीच फूट रुंदीची. विसाव्या शतकाच्या पहिल्या दीड दशकात ती गोंदियाहून नागभीडमार्गे चांदा फोर्टला पोहोचली. जिल्ह्याचं नाव चांद्याचं चंद्रपूर झालं, या स्टेशनचं मात्र आजही चांदा फोर्टच आहे. आजही चंद्रपूरकराला गाडी पकडायची तर आधी विचारावं लागतं, कोणत्या स्टेशनवरून? मुख्य मार्ग मध्य रेल्वेचा, गोंदियाचा मार्ग दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचा, आणि बल्लारशाच्या पुढे दक्षिण मध्य रेल्वे. तीन झोन, तीन साहेब, आणि जंगल मात्र सलग.

हा लेख या दुसऱ्या मार्गाचा आहे, सुमारे २४० किलोमीटरचा. गोंदिया सोडलं की सौंदड, अर्जुनी मोरगाव, मग वडसा. वडसा म्हणजे देसाईगंज. १४,४१२ चौरस किलोमीटरच्या गडचिरोली जिल्ह्याचं रेल्वेशी नातं वर्षानुवर्षं या एका स्टेशनापुरतं राहिलं. दिवाळीनंतर झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम सुरू झाला की नाटक कंपन्यांचा सगळा बाजार इथेच भरतो. वडसा सोडून वैनगंगा ओलांडली की ब्रह्मपुरी, नागभीड, तळोधी, आलेवाही, सिंदेवाही, राजोली, मूल, केळझर, चिचपल्ली. नागभीडच्या आसपास भाताच्या बांध्या दिसतात. आलेवाहीपासून पुढे जंगल पुन्हा पुन्हा रुळाला येऊन भिडतं. डावी-उजवीकडे ब्रह्मपुरी वनविभाग, चंद्रपूर वनविभाग, ताडोबाचा बफर. ताडोबातून बाहेर पडलेला तरुण वाघ नवी जागा शोधत निघाला की पूर्वेकडे जाताना त्याला हा रूळ ओलांडावाच लागतो.

छोटी लाईन होती तोवर याचा फारसा बोभाटा झाला नाही. वेगच नव्हता. १९९० च्या दशकात मार्ग रुंद झाला आणि त्याचं कामच बदललं. उत्तरेकडून आणि छत्तीसगडकडून दक्षिणेत जायला नागपूर टाळणारी ही जवळची वाट ठरली. वैनगंगा एक्सप्रेससारख्या लांब पल्ल्याच्या गाड्या आल्या, त्याहून जास्त आल्या मालगाड्या, त्याही रात्रीच्या. माणसाच्या दृष्टीने ही प्रगतीच, आणि ती नाकारण्याचं कारण नाही. गोंदिया ते बल्लारशा हा प्रवास ज्यांनी छोट्या गाडीने केला त्यांना त्या दिवसांचा उमाळा येतो, पण आजारी माणसाला नागपूरला न्यायचं असेल तर उमाळा कामाला येत नाही.

१५ नोव्हेंबर २०१८ च्या सकाळी चिचपल्लीजवळ जुनोनाच्या जंगलात याच मार्गावर पॅसेंजर गाडीखाली वाघाचे तीन बछडे सापडले. सहा-आठ महिन्यांचे असतील. त्या वयात पिल्लं आईमागे चालतात, पुढचं धोक्याचं आहे की नाही ते आईनेच पाहायचं असतं. तेरा दिवसांपूर्वीच यवतमाळच्या पांढरकवड्यात अवनी वाघिणीला गोळी घातली गेली होती आणि देशभर वाद पेटला होता. अवनीच्या बाबतीत दोषी धरायला माणसं होती: शिकारी, मंत्री, अधिकारी. जुनोन्यात फक्त एक वेळेवर धावणारी गाडी होती. गदारोळ अवनीचाच राहिला. जानेवारी २०२५ मध्ये सिंदेवाही परिसरात एक पूर्ण वाढ झालेला नर वाघ याच रुळावर मेला.

अशा वेळी पहिला राग निघतो तो लोको पायलटवर. त्याच्या बाजूने एवढंच सांगायला हवं की शंभराच्या वेगातली गाडी आपत्कालीन ब्रेक लावूनही थांबायला किलोमीटरभर जागा मागू शकते, आणि इंजिनाचा दिवा वळणावर रूळ दाखवत नाही, झाडं दाखवतो. वाघ रुळावर का येतो, याचंही उत्तर साधं आहे. दाट झुडपातून चालण्यापेक्षा रुळाची मोकळी पट्टी चालायला सोपी. वाघिणींतून, म्हणजे मालडब्यांतून, सांडलेलं धान्य आणि कडेचं कोवळं गवत खायला चितळ, डुकरं येतात, त्यांच्यामागे तोही येतो. जिथे रूळ दरडी कापून नेला आहे तिथे दोन्ही बाजूंना मातीची भिंत असते. गाडी आली की जनावराला बाजूला जाता येत नाही, ते रुळावरूनच पुढे धावतं.

रेल्वेच्या नियमावलीत अपघातांना इंग्रजी अक्षरं दिलेली आहेत. 'ए' म्हणजे टक्कर, 'बी' आग, 'सी' फाटकावरचा अपघात, 'डी' गाडी घसरणं. पहिल्या काही अक्षरांत मोठं नुकसान झालं की तो 'परिणामकारक' अपघात ठरतो, आणि मंत्र्यांच्या भाषणात येतो तो आकडा या अपघातांचा. २०१४-१५ मध्ये असे १३५ अपघात झाले होते, २०२४-२५ मध्ये ३१. ही घट खरी आहे. तिच्यामागे नवे रूळ, बंद झालेली बिनपहाऱ्याची फाटकं, सिग्नलमधल्या सुधारणा असं बरंच काम आहे. पण गाडीखाली सापडलेला माणूस 'पी' मध्ये जातो. गाडीने जनावर उडवलं तर ते पार तळाच्या 'आर' मध्ये, सुटून पळालेले डबे आणि पुराने वाहून गेलेला मार्ग यांच्या शेजारी. तिथे शब्द आहे 'गुरं'. वाघासाठी वेगळी नोंद नाही. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी रेल्वेच्या वहीत गाय-म्हशीच्या ओळीत बसतो.

माणसाचंही फार वेगळं नाही. मार्चमध्ये मोहफुलं वेचायला, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला गावंच्या गावं जंगलात जातात. रुळाची कड ही त्यांचीही सोयीची वाट. १९८९ च्या रेल्वे कायद्याचं कलम १४७ त्यांना घुसखोर म्हणतं, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. प्रवासी गाडीतून पडून मेला तर वारसांना आठ लाखांची भरपाई मागता येते. रुळाकडेने चाललेल्याला ते दार बंद. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या सुरक्षा समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये अहवाल दिला. रूळ ओलांडताना देशात दरवर्षी सुमारे पंधरा हजार माणसं मरतात, त्यातली सहा हजार मुंबई उपनगरी मार्गावर, असं त्यात म्हटलं होतं, आणि कुठलाही सुसंस्कृत समाज हा संहार सहन करू शकत नाही, असं अगदी स्पष्ट सुनावलं होतं. सरकारी अहवालाची भाषा सहसा एवढी तापत नाही. समितीने रेल्वेबाहेरचं स्वतंत्र सुरक्षा प्राधिकरण सुचवलं होतं. ते झालं नाही. आजही मोठ्या अपघाताची चौकशी रेल्वे सुरक्षा आयुक्त करतात. १९४१ पासून हे पद रेल्वे बोर्डाच्या बाहेर आहे, आता नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे, म्हणजे ज्याची चूक त्यानेच तपासू नये म्हणून. व्यवस्था शहाणपणाची आहे, पण तिचं दार ठोठावायला आधी गाडीला काहीतरी व्हावं लागतं.

२७ नोव्हेंबर २०२२ च्या रविवारी संध्याकाळी बल्लारशा स्टेशनवर गाडीला काहीच झालं नाही. पुण्याची गाडी पकडायला लोक पादचारी पुलावरून निघाले होते. पुलाच्या फरशीचा एक भाग निखळला आणि माणसं खाली रुळांवर कोसळली. एक शिक्षिका मरण पावल्या, डझनभर जखमी झाले. टक्कर नाही, घसरणं नाही, आग नाही. चंद्रपूर जिल्ह्यातला अलीकडचा सगळ्यांत गाजलेला रेल्वे अपघात हा असा, गाडीविना झालेला. एल्फिन्स्टननंतर पाच वर्षं पुलांची तपासणी, पुलांचं रुंदीकरण हे शब्द मुंबईत रोज ऐकू येत होते. बल्लारशा उत्तर-दक्षिण वाहतुकीचं मोठं जंक्शन आहे, पण मुंबईपासून दूर आहे.

या मार्गावर सगळ्यांत जास्त चालणारा माणूस कीमन. हातोडा, पाना, लाल-हिरवे झेंडे आणि धोका दिसला तर रुळावर लावायचे फटाके घेऊन तो रोज आपल्या हद्दीतला रूळ पायी तपासतो. सैल झालेली पकड ठोकायची, तडा शोधायचा. आपल्या हद्दीत कुठे पाणवठ्याची वाट रुळाला छेदते, कुठे पगमार्क नेहमी दिसतात, हे त्याला वनखात्याच्या नकाशाआधी कळतं. ते विचारायची औपचारिक जागा मात्र दोन्ही खात्यांकडे नाही. वनरक्षकाची बीट वेगळी, कीमनची हद्द वेगळी.

इतरत्र रूळ आणि जनावरं यांचा एकत्र विचार करायचं शहाणपण उशिरा आलं. उत्तर बंगालमधला सिलिगुडी–अलीपूरद्वार मार्ग आपल्यासारखाच आधी अरुंद होता. २००४ च्या सुमारास तो रुंद झाला, गाड्या वाढल्या, हत्ती मरू लागले. २२ सप्टेंबर २०१० च्या रात्री एका मालगाडीने सात हत्ती मारले. तमिळनाडूत कोइम्बतूरजवळ मदुक्कराईला आता टॉवरवरचे कॅमेरे हत्ती दिसताच इशारा देतात. आणि आपल्या विदर्भातच पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ खाली प्राण्यांसाठी नऊ वाटा बांधल्या, त्यातली सर्वांत लांब ७५० मीटरची. कॅमेऱ्यांत वाघ त्यांखालून जाताना दिसले. ते काम आपोआप झालं नाही, न्यायालयात भांडून मिळालं. रस्त्यासाठी जे भांडण झालं ते रुळासाठी अजून झालेलं नाही.

२०२१ च्या ऑक्टोबरमध्ये छत्तीसगडहून रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला. पुढे तो गोंदियाच्या अर्जुनी मोरगावकडेही फिरला. म्हणजे बंगालचा प्रश्न आता याच मार्गाच्या दाराशी आहे. वडशाहून गडचिरोलीपर्यंत ५२ किलोमीटरचा नवा मार्ग होतो आहे, नागपूर–नागभीड छोटी लाईन नोव्हेंबर २०१९ मध्ये थांबली ती रुंद होण्यासाठी, आणि एप्रिल २०२५ मध्ये केंद्राने गोंदिया–बल्लारशा दुहेरीकरणाला मंजुरी दिली, खर्च ४,८१९ कोटी.

दुसरा रूळ टाकताना पहिल्याखालच्या मोऱ्या आणि छोटे पूल लांबवावे लागतात. नाल्याच्या पाण्यासाठी बांधलेल्या मोरीतून अस्वल, रानडुक्कर कोरड्या दिवसांत जाऊ शकतात. तीच मोरी दुप्पट लांब झाली, उंची-रुंदी तशीच राहिली, तर अंधाऱ्या नळीत शिरायला जनावर कचरतं आणि वर चढतं. आलेवाही ते चिचपल्ली या पट्ट्यात कुठली मोरी नुसती लांबवायची आणि कुठली रुंद करून पूल करायचा, हे ठरतं ते निविदेच्या आराखड्यात. एकदा भराव पडला की त्यात फेरफार करायला पुन्हा मार्ग बंद ठेवावा लागतो, आणि मालगाड्यांच्या मार्गावर तशी सवड कुणी देत नाही.